सोफ्यातला खड्डा

आमचे हे लोकांचे सोफे दुरुस्त करतात आणि आमच्याच सोफ्यात मधोमध खड्डा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. कुठल्याही कोपऱ्यात बसा, घसरत घसरत सगळे मध्येच येतात आणि मग सुरू होतं, "सरक." "तूच सरक." "कुठे सरकू, भिंतीत?"

सासरे गेले आणि सासूबाई आमच्याकडे आल्या, त्या पाहुणीसारख्या. बॅग रिकामी केलीच नाही. लागेल तेवढं काढायचं आणि चेन परत लावायची. ह्यांनी जीव ओतून त्यांच्यासाठी नवी खुर्ची बनवली. उंच पाठ, मऊ हात. त्या तिच्यात अशा बसत, जणू आता आतून डॉक्टर हाक मारणार. एक दिवस म्हणाल्या, "रविवारी जाते मी." तिकडे रिकाम्या घरात, एकट्या. मी खूप विनवलं.

"आग्रह पाहुण्यांना करतात गं," त्या म्हणाल्या.

शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघं सोफ्यावर मटार सोलत होतो. लेकीचे पाय माझ्या मांडीवर, माझं कोपर ह्यांच्या बरगडीत, टीव्हीवर मॅच. सासूबाई टरफलांची परात उचलायला खुर्चीतून उठल्या आणि नेमक्या टीव्हीसमोर उभ्या राहिल्या.

"आजी, सरक ना. काचेची आहेस का, आरपार दिसायला?"

ह्यांनी लेकीकडे डोळे वटारले. माझा हात मटारातच राहिला. "बसा", "घ्या", "राहू द्या, मी करते" असं सगळं त्यांना म्हणून झालं होतं. "सरक" मात्र कुणी म्हटलं नव्हतं.

त्या सरकल्या नाहीत. परात त्या नव्याकोऱ्या खुर्चीवर ठेवली आणि आमच्यापाशी आल्या.

"तूच सरक, टवळे," म्हणाल्या, आणि लेकीच्या न् माझ्या मध्ये बसल्या.

खड्ड्याने आपलं काम केलं. सोफा कण्हला. लेक त्यांच्या अंगावर, त्या माझ्यावर, मी ह्यांच्यावर. मटार सांडले, कुणी वेचले नाहीत. मी डोंगर पाहिलेत, समुद्र पाहिलाय. पण त्यांचं अंग हळूहळू सैल होत त्यांचा भार माझ्या दंडावर आला, तेव्हा मी श्वास घ्यायचीच विसरले. आल्यापासून एवढं वजन त्या एकट्याच उचलून धरून बसल्या होत्या, आमच्या डोळ्यांदेखत, त्या मऊ खुर्चीत.

ह्यांनी सवयीने सोफ्याची गादी दाबून पाहिली. "आई, उद्या हा खड्डा भरूनच टाकतो."

"हात तर लावून बघ," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू, कपाटात एक खण दे मला. ती बॅग सारखी पायात येते."

"वरचा देऊ की खालचा?"

"कुठलाही दे. तुझं जरा सरकव."