अगं

भाषा ही फक्त माणसाची. पोपट बोलतो, पण त्याला अर्थ कळत नाही, असं प्राध्यापकांनी आयुष्यभर वर्गात ठासून सांगितलं. मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला, आणि घरात बोलणारे दोनच जीव उरले: बायको आणि पोपट.

प्राध्यापकांना कळत सगळं होतं. फक्त शब्द ओठांपर्यंत येऊन त्याचा लोळागोळा व्हायचा. पोपटाचं, म्हणजे पंडितचं, नेमकं उलट असायला हवं होतं. पण तो लेकाचा अर्थासकट बोलत होता. पूर्वी तो तिच्या आवाजात "अहो" म्हणायचा आणि यांच्या आवाजात "अगं". आता "अहो"ला कोणी ओ देत नाही हे ओळखून त्याने तो शब्दच टाकला. "अगं" ठेवला, तोही वाटी रिकामी झाली की तेवढाच. आधी यांच्यासारखं खाकरून.

पहिल्या खेपेला बायको गॅस तसाच सोडून धावत आली होती, आणि पिंजऱ्यासमोर बसून रडली होती. पुढे पुढे ती आतूनच ओरडायची, "गप रे मेल्या!"

बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्टबाई एकदा यांच्यासमोरच म्हणाल्या, "काकू, शुक्रवारपर्यंत एक तरी शब्द आला तर पुढे जाऊ. नाहीतर थांबू या. सरांचे उगाच हाल."

"एखादा सोपा द्या ना."

"सोपा नको, सवयीचा हवा. सर तुम्हाला हाक कशी मारायचे?"

बायकोने पिंजऱ्याकडे बघितलं. "तो नको. दुसरा द्या."

"पाणी" ठरलं. प्राध्यापक मनातल्या मनात "अगं"च घोटत राहिले.

गुरुवारी दुपारी बायको आत भांडी घासत होती. पंडित पंखात मान खुपसून झोपला होता. आणि प्राध्यापकांच्या घशातली कसली तरी गाठ सुटली.

"अगं."

स्वच्छ. त्यांचा त्यांनाच विश्वास बसेना.

"अगं!"

"आले रे बाबा! खादाड कुठला!"

ती सफरचंदाची फोड घेऊन आली, यांच्या खुर्चीला वळसा घालून गेली आणि फोड गजांत खोचली. "झोपेतसुद्धा बोलायला लागलास होय रे?"

मग तिला यांचे डोळे दिसले. "रडू नका हो. नसेल येत तर नसेल येत."

प्राध्यापकांनी तोंड उघडलं. "ग... ग्ग..."

पंडित जागा झाला, खाकरला. "अगं."

"गिळ आधी," ती म्हणाली, आणि उद्यापासून येऊ नका म्हणून तिने थेरपिस्टबाईंना फोन केला.