खालच्या गल्लीचे पाच दिवस

बाबा नगरपालिकेत पाणी सोडायला होते. व्हॉल्व्हची चावी दुसऱ्या कोणाला देत नसत. आटे बिघडवतात म्हणायचे. कुठल्या गल्लीचं पाणी कोणाच्या सांगण्यावरून बंद केलं, ते घरी आल्या आल्या डायरीत लिहायचे. त्याखाली आईचा गुडघा, माझे मार्क, पुढे माझं लग्न, कोण कोणत्या पार्टीत गेलं, सगळं. आई म्हणायची, "यांना बायकोपेक्षा वही बरी, उलट उत्तर देत नाही."

खालच्या गल्लीनं नगरसेवकाला मतं दिली नाहीत आणि तिचं पाणी पाच दिवस तुटलं. लोक जुन्या विहिरीचं पाणी प्यायले. तीन लेकरं गेली. नगरसेवकानं हात झटकले, खापर बाबांवर फुटलं. बाबा गप्प. निलंबित झाले, खंगले, गेले. मला त्यांचा संताप यायचा. अहो, तोंड उघडा की!

आठ वर्षांनी खालच्या गल्लीतली एक मावशी आली. तिचा तान्हा नातू त्यातच गेला होता. "तुझे बाबा लिहायचे ना? बघ बाई, कोणी केलं ते एकदाचं कळू दे."

मी तर याचीच वाट बघत होते. डायरी शोधली आणि तिच्यासमोरच मोठ्यानं वाचलं, "सोमवार. नगरसेवकांचा फोन. खालची गल्ली दोन दिवस बंद."

मावशीनं हात जोडले. "तुझ्या बापाला फार शिव्या दिल्या गं मी. माफ कर."

मला रडूच आलं. पान उलटलं.

"बुधवार. फोन आला, पाणी सोडा. तेवढ्यात मुलीला कळा. दवाखाना. नात झाली, नाजूक आहे, काचेत ठेवलंय.

गुरुवार. दवाखाना. नातीनं बोट धरलं.

शुक्रवार. दवाखाना.

शनिवार. खालची गल्ली उघडायची राहिलीच. पळत गेलो."

सोमवारपाशी थांबता आलं असतं. मावशीला कुठे वाचता येतं! पण ते हात अजून जोडलेलेच होते. मेलं, मला नाही जमलं. मी शनिवारपर्यंत सगळं वाचलं.

मावशीनं जोडलेले हात सोडले. मग म्हणाली, "जगली ना पोर?"

"हो. तिसरीत आहे."

"आमचाही तिसरीत असता," म्हणाली आणि चपला घालून निघून गेली. डायरी तिनं मागितली नाही.