परक्या टाकीतला गाळ

“कॅनमध्ये काय आहे?”

“घाण.”

“कसली घाण?”

“तुमचीच.”

वॉचमनने आधी कॅनकडे पाहिलं, मग कॅन धरलेल्या ऑपरेटरकडे. फाटकावर केस पांढरे झालेल्या माणसाला थापा ओळखू येतात, आणि कोणी घाण चोरून नेतंय यापेक्षा मोठी थाप त्याने ऐकली नव्हती. त्याने शिट्टी फुंकली.

ऑपरेटर शेजारच्या वसाहतीतला, तिथली सांडपाण्याची टाकी चालवणारा. तिथल्या घरांचं सांडपाणी जमिनीखालच्या बंद टाकीत जायचं. हवेशिवाय जगणारे जंतू ते खायचे, वायू सोडायचे, आणि त्या वायूवर नळीच्या टोकाला निळी ज्योत जळायची. यंदाच्या गारठ्यात जंतूंनी अंग चोरलं, टाकी आंबली, ज्योत विझली. सोमवारपर्यंत ती पेटली नाही तर समिती टाकी बुजवणार होती. ऑपरेटरची नोकरी आणि टाकीला लागून असलेली त्याची खोलीही त्याबरोबर जाणार होती. उपाय एकच. चालत्या टाकीतला गाळ आणायचा आणि दुधाला विरजण लावावं तसा घालायचा.

चालती टाकी होती या वसाहतीत, आणि ती सांभाळत होता ऑपरेटरचा साडू. बायका सख्ख्या बहिणी, तेव्हा नवऱ्यांमध्ये जेवढं वैर असायला हवं तेवढं होतंच. ऑपरेटरने गाळ आधी रीतसर मागितला होता. साडूने त्यावर रात्रभर विचार केला आणि सकाळी सांगितलं, “तुम्ही आमच्याकडे कधी घोटभर पाणी मागितलं नाहीत. आज घाण मागताय. म्हणजे तिच्यात काहीतरी आहे. मिळणार नाही.”

म्हणून चोरी. तीही भर दुपारी, कारण रात्री जंतूंना गारठा बाधला असता.

शिट्टीवर माणसं जमली. साडू आला. वसाहतीच्या अध्यक्षबाई शाल सावरत पुढे झाल्या.

“कॅन उघडा.”

“बाई, नका. हवा लागली की मरतात.”

“कोण मरतात?”

“आतले.”

गर्दी दोन पावलं मागे सरली.

“जंतू हो! आमचे... म्हणजे तुमचेच.”

“माझं कानातलं मोरीत गेलंय,” मागून एक काकू म्हणाल्या. “सोन्याचं.”

झालं. सगळ्यांना आपापलं हरवलेलं आठवलं. कोणाचं घड्याळ, कोणाची साखळी. एका आजोबांनी कवळी सांगितली. ती त्यांच्या तोंडातच दिसत होती, पण ही दुसरी, म्हणाले.

ऑपरेटर साडूकडे वळला. “तुम्ही तरी सांगा. याला हवा चालत नाही, तुम्हाला माहीत आहे.”

साडूला माहीत होतं. त्याचं अख्खं आयुष्य झाकणं घट्ट लावण्यात गेलं होतं. त्याने गर्दीकडे पाहिलं, कॅनकडे पाहिलं.

“उघडून बघायला काय हरकत आहे?” तो म्हणाला.

कोणीतरी वाळूची चाळण आणली. गाळ ओतला गेला. काळा, चकचकीत, थंडीत किंचित वाफाळणारा. थोडा वेळ त्यातून बुडबुडे आले. मग थांबले. वॉचमनने काठीने ढवळून तो नीट पसरला. एक चमचा निघाला. तीन घरांनी तो आपला म्हणून ओळखला.

“बघा,” अध्यक्षबाई म्हणाल्या, “काहीतरी होतंच.”

चमचा जप्त झाला. गाळ मात्र कोणालाच नको होता. ऑपरेटर खाली बसला आणि हातांनी तो भरू लागला. तळाशी दबलेला आधी, कारण त्याला हवा कमी लागली असेल. कॅन अर्धाही भरला नाही. त्याने झाकण आवळलं.

साडू जवळ येऊन हळूच म्हणाला, “उगाच नेताय. त्यात काही उरलं नाही आता.”

“स्वतःच्या घाणीवरही विश्वास नाही का हो तुमचा?”

ऑपरेटरने अंगातला स्वेटर काढून कॅनला घातला, बाह्या घट्ट बांधल्या, आणि कॅन पोटाशी धरून नुसत्या शर्टावर फाटकाशी गेला. वॉचमनने बाजूचं छोटं दार उघडलं.

“मोठं उघडा,” ऑपरेटर म्हणाला. “धक्का लागायला नको.”

मोठं फाटक फक्त मोटारींसाठी उघडायचं. वॉचमन काहीतरी पुटपुटला, पण त्याने अडसर काढला आणि दोन्ही दारं मागे लोटली. ऑपरेटर मधोमध, सावकाश बाहेर पडला. मोठं फाटक उघडलं की वॉचमनचा हात सवयीने कपाळाकडे जायचा. आताही हात गेला.