रविवारचा बोध

"थांबा," म्हणत श्रीपाद देवस्थळींनी सातव्यांदा सिनेमा थांबवला. पडद्यावरचा म्हातारा गवंडी हातात थापी घेऊन तसाच अडकला. "आता सांगा, इथे चूक कुणाची?"

मृणालने मोबाइलमधून मान वर काढली नाही. सौमित्र शेव खात होता, तो खातच राहिला.

हिंदी मुलखातल्या नानाखेड्यातल्या त्या मराठी घरात सहा वर्षं दर रविवारी दुपारी हा नेम चालू होता. श्रीपादांना त्यांच्या वडिलांनी संस्कार दिले ते छडीने. आपण मुलांवर हात उगारायचा नाही, सगळ्यांनी मिळून चांगला सिनेमा बघायचा आणि शेवटी प्रत्येकाने एक बोध सांगायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळणाऱ्या कारकुनाचं कोण ऐकतं? निदान घरच्यांनी ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा. पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आजची गोष्ट तर त्यांनी मुद्दाम निवडली होती. गवंड्याने राबून शाळा उभी केली आणि उद्घाटनाला नेमकं त्यालाच बोलवायचं राहिलं. शेवट बघताना श्रीपादांनी डोळे पुसले. मग त्यांनी धाकट्यापासून सुरुवात केली. सौमित्र म्हणाला, शाळा बांधू नये. मृणाल आधी फिस्सकन हसली आणि मग गंभीर झाली.

"बाबा, पुढच्या संडेपासून मी नाही बसणार. तुम्ही पिक्चर दाखवत नाही, पेपर घेता. दिमाग पकतो माझा."

श्रीपादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यांच्यासाठी रविवारची झोप सोडली, त्याचं हे फळ. तेवढ्यात विनोदिनी चहा घेऊन आली. त्यांनी बायकोलाच साक्षीला ओढलं.

"तू सांग यांना. तू काय शिकलीस?"

सहा वर्षांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच आला होता. ती जरा गोंधळली.

"मला कुठे शेवट माहीत असतो? पिक्चर संपला की तुम्हाला लगेच चाय लागते न, म्हणून मी पहलेच उठते. आज तो फाटकाशी पोचला, तेव्हा उठले." तिने कप त्यांच्यापुढे ठेवला. "एवढंच सांगा, त्याला आत बोलावलं का शेवटी?"

मृणालने मोबाइल उलटा ठेवला. श्रीपादांना आता स्वतःचाच राग येत होता. दर रविवारी पडद्यावरच्या माणसांच्या चुका काढल्या, आणि तीन हातांवर बसलेली बायको कधी उठून जाते ते दिसलं नाही. त्यांना लाज वाटली. त्यांनी रिमोट उचलला आणि सिनेमा मागे नेला.

"बैस," ते म्हणाले.

"चाय निवेल."

"निवू दे."

पदराला हात पुसत ती स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुर्चीत टेकली, अर्धीमुर्धीच. या वेळी सिनेमा कुणी थांबवला नाही. धुतलेला सदरा घालून म्हातारा शाळेच्या रस्त्याने चालत निघाला. आत बँड वाजत होता. तो फाटकाशी पोचला, आणि विनोदिनी सवयीने उठून उभी राहिली.