करंगळीवरचा वळ

"आई, दाखव बोटं."

रेश्माने रेकॉर्डर, ती उभी धरून फुंकायची विलायती बासरी, मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले. रेकॉर्डरची भोकं घट्ट दाबली की बोटांच्या टोकांवर गोल वळ उठतात. सुकन्याच्या क्लासमधली पोरं तास संपला की एकमेकांचे वळ तपासतात. ज्याचा वळ अर्धवट, त्याची हवा गळते. सुकन्याने आईची बोटं उलटसुलट करून पाहिली.

"सगळे आलेत. उजवी करंगळी सोडून."

"ती कशी येईल बाई? हाय का ती जाग्यावर?"

उजवी करंगळी पहिल्या पेरापाशीच संपत होती. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रेस मशीनखाली ती गेली. मध्ये हात आला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद ठेवलेला होता, कारण तो चालू असला की माल कमी निघतो. कंपनीच्या कागदावर मात्र आलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. लिहिणाऱ्याची दहाही बोटं शाबूत होती. तेव्हापासून चारचौघांत रेश्मा तो हात पदराखाली ठेवायची.

घरी बसून असताना एक दिवस तिने पोरीच्या दप्तरातली ती पांढरी प्लॅस्टिकची नळी काढून फुंकली. मग मोबाईलची बॅटरी लावून आत पाहिलं. दुसऱ्या दिवशी पोरीबरोबर भिंगारमधल्या क्लासलाच जाऊन थडकली. तिथे गोरक्षनाथ सर शिकवायचे, लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेले हवालदार.

"सर, हिच्या आत काहीच न्हाई की. मग सूर ऱ्हातो कुठं?"

इतक्या पोरांना शिकवलं, पण हे सरांना कुणी विचारलं नव्हतं. "हवेच्या लांबीत," ते म्हणाले. "जेवढी भोकं बंद, तेवढी हवा लांब. तेवढा सूर खाली. बसा."

ती बसली ती बसलीच. पोराटोरांच्या रांगेत बसून तिने विलायती परीक्षेची पहिली ग्रेड दिली, दुसरीही दिली. सासू साळूबाई तिसगावहून आली की उंबऱ्यात बसून तोंड सोडायची.

"चुलीपुढची फुकनी सुटली, गॅस आला, तर आमची सून ही फुकनी घिऊन बसली! अन् फुकायची परीक्षा असती म्हनं!"

"आत्या, तुमी बी फुकून बघा की."

"माझं दात कुठं हायेत गं?" म्हणत म्हातारीने एकदा फुंकलीच. नळी अशी काही किंचाळली, की दारातली कोंबडी उडाली. मग म्हातारी पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत बसली.

तिसऱ्या ग्रेडला घात झाला. तिथे सगळ्यात खालचा सूर लागतो, आणि तो करंगळीशिवाय निघत नाही. थोटूक भोकापर्यंत पोचेना. ऐन परीक्षेत सूर चिरकला, आणि पुढचे तुकडेही हातातून गेले. नापास.

"आपण अर्ज देऊ," सर म्हणाले. "बोटाचा दाखला जोडू. त्या सुराची सवलत मागू."

रेश्माचं डोकं फिरलं. "कंपनीनं बोट घेतलं. आता सूर बी तुमी देऊन टाका!"

सर उठले. त्यांनी कपाटातून दोन लाकडी रेकॉर्डर काढले. एक मधल्या मापाचा, एक चांगला हातभर लांब. मधला तिने हातात धरला, तर करंगळी आणखीच लांब राहिली. तिने एक सूर काढला, सरांनी त्याचं नाव सांगितलं, आणि दुसरंच काहीतरी तिच्या ध्यानात आलं.

"बोटं तीच ठिवली, अन् सुराचं नाव दुसरं? असं कसं?"

"नळी लांब झाली, नाव बदललं. ह्या मोठ्या टेनरला मात्र पुन्हा छोटीचीच नावं. फक्त आवाज खाली."

"म्हंजी छोटीची आईच की ही! अन् खाली पितळी किल्ली कशापायी?"

"ते भोक फार लांब पडतं. करंगळी पोचत नाही, म्हणून किल्ली दाबायची, की झाकण भोकावर बसतं."

"कुनाचीच?"

"कुणाचीच."

रेश्मा किल्लीकडे बघत राहिली. "म्हंजी हितं सगळेच माझ्यावानी."

तरी किल्लीसुद्धा थोटकाला जराशी लांबच होती. सरांची परवानगी घेऊन ती भिंगारच्या बाजारात सोनाराकडे गेली. किल्लीला पितळी पट्टी डाख लावून वाढवायला सांगितलं. सोनाराने नळी डोळ्याजवळ नेली.

"ताई, ह्यात सोनं कुठंय?"

"सोनं न्हाई दादा, बोट हाय. नीट लावा."

किल्ली मिळाली, पण सूर लगेच काही आला नाही. ती जीव खाऊन फुंकायची आणि तो फुटायचा. "खालचा सूर रागावर येत नाही," सर सांगायचे. "हळू सोडा हवा." रेश्माला ते पटायचं नाही. राग काय तिने हौसेने पाळला होता?

तिसरी ग्रेड पुन्हा द्यायच्या दिवशी परीक्षक बाई नगरलाच आल्या. सर साथीला पियानोवर बसले. पहिल्याच तुकड्यात तो सूर आला. रेश्माने सगळा जोर लावून फुंकलं, आणि तो फुटला. बाईंनी मान न उचलता काहीतरी लिहिलं. ते वाकलेलं डोकं आणि ते पेन पाहून रेश्माला कारखान्याचं ऑफिस आठवलं. दुसरा तुकडा कसाबसा निभावला.

तिसऱ्याचा शेवट त्याच सुरावर होता. त्याच्या आधी एक थांबा होता. त्या थांब्यात तिने बाईंकडे बघायचं सोडलं, खांदे सैल केले आणि थोटूक पट्टीवर टेकवलं. नळी एवढी लांब. ह्या एवढ्या हवेतून आत्ता नेमकं काय निघेल? तिने श्वास ढकलला नाही, नुसता जाऊ दिला.

सूर आला. जाडसर, गरम, माठात बोलल्यासारखा. सरांचा पियानो संपला तरी तो क्षणभर तिथेच होता.

बाहेर सुकन्या दारालाच चिकटून उभी होती. "आला ना आई? मला ऐकू आला. नक्की आलाच ना?"

निकालाला दीड महिना होता. रेश्माने हात पुढे केला. पोरीने तो उलटा केला. करंगळीच्या थोटकावर पट्टीचा आडवा वळ उठला होता, लालभडक.

"हा गोल नाहीये," सुकन्या त्यावरून बोट फिरवत म्हणाली.

"नसू दे."

रिक्षा आली. चढताना रेश्माने दांडी त्याच हाताने धरली, आणि भिंगार येईपर्यंत तो हात तिथेच राहिला, उन्हात.