झाडाचं तोंड

आमच्या ह्यांना, म्हणजे तेरुओंना, बढाई मारायची भारी हौस. शाळेतल्या तीन मित्रांना ओसाकाहून बोलावून बसले, "रविवारी या, आमच्या बागेतला मेपल बघा, कसा लालबुंद होतो!" आणि शनिवारी ओसरीवरून बघतो तर मेपल हिरवागार!

"दहा वर्षं झाली लावून," मी म्हटलं. "एकदा तरी लाल झालाय का मेला?"

"अगं, माळी म्हणाला होता, झाडाचं तोंड, म्हणजे देखणी बाजू, घराकडे ठेवा. मी ठेवलं की!" ते रडवेले झाले. "आता माझं हसं होणार गं, फुमियो."

मला रागही आला आणि कीवही. तिरीमिरीत बाहेर पडले ती मागच्या गल्लीत शिरले. चार वर्षं तिकडे पाय ठेवला नव्हता. मान वर केली आणि थबकलेच. आमचाच मेपल, भिंतीच्या त्या बाजूनं लालभडक! ऊन सगळं तिकडेच. आणि ती बाजू कुणाची? इसोबेबाईंची.

चार वर्षांपूर्वी झाड भिंतीवरून पलीकडे गेलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तुमची पानं माझ्या अंगणात पडतात." मी फाडकन म्हटलं, "माझी नाहीत, झाडाची आहेत!" तेव्हापासून आमचा अबोला.

पण नवऱ्याचा उतरलेला चेहरा बघवेना. चेस्टनटचा भात डब्यात भरला आणि नाक मुठीत धरून त्यांचं दार वाजवलं.

"उद्या तासभर तुमची ओसरी द्याल का?"

त्यांनी डबा उघडून वास घेतला. "मीठ कमीच असणार. पण देते ओसरी. पानं मात्र तुम्ही झाडायची."

रविवारी साके पिऊन झाल्यावर चौघे म्हातारे खराटे घेऊन अंगणभर फिरत होते. "मुद्दामच इकडे तोंड करून लावलं!" तेरुओ छाती फुगवून सांगत होते.

इसोबेबाईंनी माझ्यापुढे चहा ठेवला. "चार वर्षं एकटीच बघतेय हो," त्या हळूच म्हणाल्या. "कितीदा वाटलं, तुम्हाला हाक मारावी."

मला एकदम भरून आलं. दहा वर्षं पाणी मी घातलं, आणि झाड डोळे भरून आज पहिल्यांदा पाहिलं.

"बाई," मी म्हटलं, "भिंतीत एक दार काढूया का?"

"काढा की. पण आधी तुमच्या ह्यांना आवरा, माझा दुसरा खराटा मोडला!"