उलटा ढाळ

पाणसळ म्हणजे सपाटी बघायचं ते लांबोडकं हत्यार. त्याच्या काचेतला बुडबुडा मधोमध आला, की काम सरळ समजायचं. खारीच्या बाबांना सगळी वस्ती त्याच नावानं ओळखायची. पाणसळनं पन्हळ लावली की तिच्यात थेंब उभा राहत नाही, असं लोक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. छपराच्या कडेला पन्हळ लावायची म्हणजे नुसता वाकवलेला पत्रा टांगायचा नसतो. तिला ढाळ द्यावा लागतो. ढाळ म्हणजे एका टोकाकडे इतकाच उतार, की खालून बघणाऱ्याला पन्हळ सरळ दिसावी आणि पाण्याला मात्र आपली वाट कळावी. बाबांना ते नजरेनं जमायचं. पण ज्यानं अख्ख्या वस्तीचं पाणी मार्गाला लावलं, त्याच्या स्वतःच्या घराची पन्हळ वर्षानुवर्षं भावजयीच्या भिंतीवर ओकत होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

घर खरं तर एकच होतं, लांबलचक, एका छपराखालचं. बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ भांडले आणि मधे भिंत घालून त्याची दोन घरं झाली. कशावरून भांडले, हे आता धड कुणालाच सांगता आलं नसतं. भिंत मागच्या अंगणातही आली. तिची शेवटची वीट ठेवताना काका म्हणाले होते, "इथून पुढे माझ्याकडचं काही तुझ्या दारात येणार नाही." पुढे काका गेले. पलीकडे काकू एकटी राहिली. भिंत आणि अबोला दोन्ही जागच्या जागी राहिले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातली गत.

बाबांच्या गुडघ्यानं संप पुकारल्यापासून शिडीवर खारच चढायची. लहानपणी छपरावरून धावायची म्हणून काकूनंच तिला हे नाव ठेवलं होतं, आणि ते तिला चिकटलं ते चिकटलंच. मुलगी पन्हळ लावणार म्हणून कुणी नाक मुरडलं, तर बाबा म्हणायचे, "कुणी लावलीय ते पाण्याला विचारा." त्या एका वाक्यासाठी तिनं त्यांचे बाकी सगळे फटकारे सोसले होते.

आता घरचीच पन्हळ गंजून चाळण झाली, तेव्हा बाबांनी सांगून टाकलं, "ही नवी लावून दाखव. मग हत्यारांची पेटी तुझी. मी नुसता खुर्चीत बसणार." पेटी म्हणजे आजोबांपासूनची. तिच्यावाचून धंदा नाही, आणि ती हातात आल्यावाचून खारीला कुणी कारागीर म्हणणार नव्हतं.

"फक्त दोन गोष्टी," बाबा म्हणाले. "हूक जुन्याच जागी ठोकायचे. आणि तिकडचं काम छपरावर पालथं पडून करायचं. त्यांच्या अंगणात शिडी लावायची नाही."

ही दुसरी अट नवी नव्हती. बाबा स्वतःही गुडघा धड असताना असेच करायचे. भावाच्या जमिनीला पाय लागू नये म्हणून धडधाकट माणूस वळचणीला डोकं खाली करून लोंबायचा. खारीला लहानपणी ती धंद्यातलीच काही रीत वाटायची. दुसऱ्यांच्या घरी बाबा सरळ शिडी लावतात हे पाहिलं, तेव्हा तिला पहिल्यांदा हसू आलं होतं आणि मग लाज.

सकाळी ती छपरावर पालथी पडली आणि जुनी पन्हळ एकेक हूक उपटत काढू लागली. पत्रा गेल्यावर मागची लाकडी फळी उघडी पडली. काढलेल्या हुकांची भोकं आपल्या बाजूकडून काकूच्या बाजूकडे हळूहळू खाली उतरत गेली होती. ते ठीक होतं. पाणी तिकडे जातं हे सगळ्यांना माहीतच होतं. बाबा नेहमी सांगायचे, "घर तिकडून खचलंय. पाणी खचल्या अंगाला जाणारच. मी काय करू?"

पण फळीवर आणखी एक रांग होती. ती भोकं पुट्टी भरून बुजवलेली, वरून रंग फासलेला, आणि रंगाचे पोपडे निघाल्यामुळे आता पांढरट डोळे वटारून बसलेली. ती उलट्या बाजूनं उतरत होती, काकूच्या टोकाला उंच आणि आपल्या टोकाला खाली. दोन्ही रांगा कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना छेदत होत्या, आणि छेदत होत्या त्या नेमक्या अंगणातल्या भिंतीच्या वर.

खार बराच वेळ तशीच पडून राहिली. मग तिनं पाणी भरलेल्या पारदर्शक नळीचं एक तोंड फळीच्या या टोकाला बांधलं आणि दुसरं त्या टोकाला धरून पाहिलं. दोन्हीकडे पाणी फळीच्या कडेपासून सारख्याच अंतरावर उभं राहिलं. घर कुठेही खचलेलं नव्हतं. आजोबांनी ढाळ आपल्या बाजूला दिला होता, कारण पाणी वाहून नेणारी नाली आपल्याच बाजूला होती. कुणीतरी मागाहून तो उलटा केला होता. हे काम करू शकेल असा माणूस या घरात एकच होता.

तिनं शिडी वर ओढली आणि सरळ काकूच्या अंगणात सोडली.

"तिकडे काय करतेयस?" भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला.

"उतरतेय," ती म्हणाली आणि उतरली.

काकू दारातच उभी होती. ती बाजूला झाली. स्वयंपाकघराचा कोपरा मुळापासून काळा पडला होता. भांड्यांची मांडणी भिंतीपासून हातभर पुढे ओढलेली, शेगडी तर जवळजवळ खोलीच्या मधे आली होती. खारीनं भिंतीला हात लावला, तर खारट पापुद्रा तळहातावर आला.

"ही भिंत आत चालत येतेय बघ," काकू म्हणाली. "मीच सरकून घेते. एक दिवस रस्त्यावर चूल मांडीन."

"काकू, घर खचलेलं नाहीये."

"माहितीय मला."

"तुला माहीत होतं?"

"तुझ्या काकांनाही माहीत होतं. म्हणाले, बघू आधी कोण बोलतंय. तो बोलेना, हे बोलेनात. मग हे गेलेच." काकूनं शेगडीवरचं झाकण उगाच उचलून परत ठेवलं. "आता मी जाऊन काय सांगू? नवऱ्याची हार सांगू?"

खारीला रडू आलं नाही, संताप आला. दोन शहाणे पुरुष भांडले आणि ओल या बाईनं पुसली. तिनं तळहात झटकला नाही. चुरा तसाच मुठीत धरून, दुसऱ्या हातानं शिडी खांद्यावर घेऊन ती रस्त्यानं वळसा घालून आपल्या अंगणात आली.

बाबा नेहमीच्या जागी बसले होते. अंगणाच्या कोपऱ्यात एक मोठी फरशी होती आणि त्यांची खुर्ची कायम तिच्यावर असायची. आज खारीला कळलं, की ती नालीच्या तोंडावरची फरशी आहे.

तिनं मूठ त्यांच्या मांडीवर उघडली. "ही काकूची भिंत."

बाबांनी पांढरा चुरा पाहिला आणि झटकला. "घर तिकडून..."

"मी नळी लावून बघितलीय. आणि आजोबांची भोकंही बघितलीत. पुट्टी तुमचीच ना? हात ओळखते मी."

बाबा म्हणाले, "तोच म्हणाला होता, माझ्याकडचं काही तुझ्या दारात येणार नाही. त्याच्या छपराचं पाणी माझ्या दारातून जात होतं. त्याच्या शब्दाला मान दिला."

"काका गेल्यावरही?"

"शब्द जातो का?"

"आजी म्हणायची, काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही. तुम्ही तर पाणीच वळवलंत." तिनं हूक पिशवीत भरले. "मी आजोबांच्या ढाळानं लावतेय. पाणी इकडे येईल."

"मग पेटी तुझी नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "हत्यारं ठेव खाली."

"ठेवीन. पन्हळ लावून झाली की ठेवीन. आणि माझ्या हातची पन्हळ मी चोरासारखी लोंबून लावत नसते. शिडी लावून लावते."

एवढं बोलून ती शिडीवर चढली. आजवर ती वर असताना खाली शिडी धरायला बाबा असत. या वेळी ते उठले नाहीत. शिडीचा एक पाय ओल्या मातीत हलत होता. खारीनं दोरी ताणली, आजोबांच्या भोकांशेजारी खुणा केल्या आणि पहिला हूक ठोकला. हातोडी चुकत नव्हती. तिसऱ्या हुकाला शिडी अचानक घट्ट झाली. तिनं खाली पाहिलं. काकू शेवटच्या पायरीवर बसली होती, पदर खोचून, भिंतीकडे तोंड करून. रस्त्यानं वळसा घालून ती किती वर्षांनी या फाटकातून आत आली होती, ते दोघी मोजत बसल्या नाहीत.

"ठोक तू," काकू म्हणाली. "मी काही हलत नाही. वजन आहे माझ्यात."

बाबा पाठ फिरवून बसले होते.

आपल्या अंगणातलं झालं, मग पलीकडच्या अंगणात शिडी लावली, तिथेही काकूच बसली. पन्हळ बसली, सांधे बुजले, दोघी शिडी घेऊन पुन्हा इकडे आल्या आणि आपल्या टोकाला उतरता पाइप लागला. मग खारीनं छपरावर चढून हाक दिली.

"बाबा, खुर्ची उचला. पाणी सोडतेय."

"मी बसलोय."

"पायावर येईल."

"येऊ दे."

खारीनं काकूच्या टोकाला बादली रिकामी केली. पाणी पत्र्यातून सळसळत गेलं आणि थोड्या वेळानं पाइपातून खाली आलं. फरशीवर पसरलं, बाबांच्या चपला भिजल्या. त्यांनी पाय उचलला नाही. धार बारीक झाली आणि तुटली.

"थांबलंय," बाबा म्हणाले. पाठ तशीच होती. "सगळं आलेलं नाही. आवाजावरून कळतं. भिंतीच्या वरचा हूक बघ."

खारीनं पाहिलं. नेमक्या त्याच जागी, दोन ढाळ एकमेकांना छेदत होते तिथे, पन्हळीत पाणी साचलं होतं. हूक खाली बसला होता. संतापाच्या भरात ती तिथे दोरी बघायलाच विसरली होती.

"किती घेऊ वर?"

"एक सूत. जास्त घेशील तर पलीकडे साचेल."

तिनं हूक सूतभर, म्हणजे इंचाचा जेमतेम आठवा भाग, वर घेतला. उरलेलं पाणी भडभडून आलं, आणि या वेळी फरशीवर मावेना. बाबा उठले. खुर्ची बाजूला ओढली. मग खाली वाकले आणि फरशीच्या कडेला बोटं घातली. फरशी जागची हलेना. एकट्याचं काम नव्हतं ते, आणि त्यांचा गुडघा तर मुळीच साथ देईना.

समोरून काकूनं दुसरी कड धरली.

दोघांनी मिळून ती थोडी वर केली. "वहिनी," बाबा म्हणाले, "बोटं सांभाळा."

काकूनं मान हलवली. तिचा हात सुटला नाही. फरशी भिंतीला टेकवली गेली आणि अंगणातलं पाणी गडगडत नालीत गेलं.

खार खाली उतरली. हातोडी, पक्कड, दोरी, पाणसळ, एकेक वस्तू पेटीत ठेवली, पेटी बाबांच्या पायाशी सरकवली. "घ्या. ठेवली."

बाबांनी पेटीकडे पाहिलं नाही. ते वर फळीकडे बघत होते. तिथे त्यांच्या हुकांची भोकं अजून उघडी होती, काकूच्या घराकडे उतरत गेलेली.

"ती बुजवून टाक," ते म्हणाले. "लाकूड कुजेल."

"पुट्टी भरते. पण रंग लावणार नाही. दिसू देत."

बाबांनी फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, कामाचा ढाळ बघायचे तशीच. मग भिजलेल्या चपलेनं पेटी परत तिच्याकडे ढकलली.

"मग पुट्टी कशानं भरणार? बोटानं?"